बोरमाळेत सोनं किती? आधी विचारा, मोजलं कसं

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर आजीची बोरमाळ मोडायला नेली, की एकाच माळेबद्दल तीन आकडे कानावर येऊ शकतात. एक जण मशीनखाली ठेवून सांगतो, ९२ टक्के. दुसरा दगडावर घासून म्हणतो, बावीसला थोडं कमीच. तिसरा म्हणतो, आटवू आणि मग बोलू; आणि आटवल्यावर ८८ निघतात. घरच्यांची खात्री पटते, की तिघांतले दोघं तरी लुबाडतायत. लुबाडणारे असतातही. पण इथे तिघंही खरं बोलत असू शकतात. मशीनने मण्याचा वरचा पातळ थर पाहिला. दगडाने घासली तेवढीच जागा पाहिली. मुशीत मात्र मणी, जोडाचा डाक, कडी, फासा असं सगळं एकत्र आलं, आणि डाकाचा टंच, म्हणजे शुद्धता, मण्यापेक्षा सहसा कमी असतो.

‘किती सोनं आहे?’ हा एकच प्रश्न वाटतो, पण पद्धत बदलली की प्रश्नच बदलतो. कोणती पद्धत वापरायची हे मशीनच्या किमतीवर नाही, समोर काय ठेवलंय त्यावर ठरतं.

हे समजून घ्यायला आपल्या भागाइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि पलीकडे साताऱ्यातले खटाव-माण. या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, केरळापासून पंजाबापर्यंत पांगली. गलाईच्या दुकानात एका दिवसात काय काय येतं बघा: आटवलेली लगडी, मोडीचे दागिने, सोनाराच्या दुकानातली झाडण, पॉलिशची धूळ, वापरून झालेलं तेजाबाचं पाणी. सोनं या सगळ्यात आहे, पण यातल्या कुठल्याही दोन गोष्टी एकाच रीतीने मोजता येत नाहीत.

दगड आणि पाणी

कसोटीचा काळा दगड अजून कट्ट्यावर आहे आणि तो असायलाच हवा. दागिना ओढला की रेघ उठते. शेजारी माहीत असलेल्या टंचाच्या सुयांच्या रेघा ओढायच्या आणि सगळ्यांवर तेजाब फिरवायचं. हिणकस रेघ आधी फिकी पडते. मुरलेल्या डोळ्याला एक-दोन टक्क्यांचा फरक कळतो. विजेशिवाय, मिनिटभरात मिळणाऱ्या उत्तराला हे अजिबात वाईट नाही. फक्त शंभर ग्रॅमला एक-दोन टक्के म्हणजे एक-दोन ग्रॅम, आणि आजच्या भावात ते कुणी सोडून देणार नाही.

पाण्यात वजन करून घनता काढायची पद्धत शाळेच्या पुस्तकात फार छान दिसते. शुद्ध सोनं १९.३, चांदी १०.५, तांबं ८.९६. पण बावीस कॅरेटमध्ये उरलेला भाग सगळा तांब्याचा असेल तर घनता १७.६ येते, सगळा चांदीचा असेल तर १८. म्हणजे टंच तोच आणि घनता वेगळी. चांदीच्या मिश्रणाला तांब्याचं समजून हिशेब केलात तर अर्ध्या कॅरेटची चूक झालीच. त्यात बोरमाळेचे मणी आतून लाखेने भरलेले असतात. तिथे ही पद्धत सरळ बाद. आणि टंगस्टनची घनता १९.२५. सोन्याच्या बिस्किटात टंगस्टनची कांडी घालणाऱ्याने आर्किमिडीज नीट वाचलेला असतो.

कॅरेट मशीन काय बघतं

ज्याला कट्ट्यावर कॅरेट मशीन म्हणतात ते एक्सआरएफ, क्ष-किरणांचं यंत्र. ते दागिन्यावर क्ष-किरण सोडतं. ते किरण अणूच्या अगदी आतल्या कक्षेतला एखादा इलेक्ट्रॉन उडवून लावतात. रिकामी जागा भरायला बाहेरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन आत उतरतो आणि उतरताना जास्तीची ऊर्जा क्ष-किरणाच्याच रूपात टाकतो. ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली असते: तांब्याची सुमारे ८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, सोन्याची ९.७, चांदीची २२. कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले हे मोजलं की कोणता धातू किती ते काढता येतं. या ऊर्जा अणुक्रमांकाशी बांधलेल्या आहेत हे हेन्री मोझलीने १९१३ मध्ये दाखवलं. दोन वर्षांनी, वयाच्या २७ व्या वर्षी, तो गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला.

दागिना कापावा लागत नाही, जाळावा लागत नाही, अर्ध्या मिनिटात आकडा पडद्यावर. म्हणून मशीन लोकप्रिय आहे, आणि ते योग्यच आहे. अडचण एवढीच, की सोनं हा जड धातू क्ष-किरणांना बाहेर येऊ देत नाही. आतून निघालेला किरण वाटेतच शोषला जातो. त्यामुळे सोन्याच्या बाबतीत मशीनला साधारण दहा मायक्रॉनपर्यंतचाच थर दिसतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या कितीतरी कमी. त्याखाली टंगस्टन आहे की लाख, याचा त्याला पत्ता नसतो.

या एका गोष्टीतून बाकीच्या भानगडी निघतात. दागिना तयार झाल्यावर तेजाबात उजळतात. तेव्हा वरवरचं तांबं विरघळतं आणि सोनं मागे राहतं. मग मशीन तो श्रीमंत झालेला थर वाचून टंच वाढवून सांगतं. पांढऱ्या सोन्याच्या अंगठीवर चमकेसाठी ऱ्होडियम चढवलेलं असतं, तेही आकड्यात घुसतं. आणि बाजारात ‘एक ग्रॅम सोन्याचे’ म्हणून जे मुलामा दिलेले दागिने मिळतात, त्यांचा मुलामा इतका पातळ असतो, की किरण त्यातून आरपार जाऊन खालचं तांबं किंवा पितळही वाचतात. यंत्राला वाटतं हे एकजीव मिश्रण आहे, आणि ते शांतपणे ‘१० कॅरेट’ वगैरे दाखवून मोकळं होतं. त्या आकड्याला काहीही अर्थ नसतो. मणी गोल असला आणि किरण कडेवर पडला तरी आकडा हलतो. म्हणून जाणकार एकाच जागी तीनदा मोजत बसत नाही. तो जागा बदलतो, आणि कानस मारून आतलं ताजं अंगही दाखवतो.

मोड देताना मशीनचं एक वाचन आटवण्याआधी आणि एक आटवल्यानंतर लगडीवर, दोन्ही बाजूंनी, घ्यायला सांगा. आणि बोरमाळ असेल तर लाख काढल्यावरचं वजन तुमच्यासमोर होऊ द्या. समजा २० ग्रॅमच्या माळेत ४ ग्रॅम लाख निघाली, तर ९१६ टंचाने, म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं धरून, शुद्ध सोनं १४.६६ ग्रॅम, लाखेसकट हिशेब केला तर १८.३२. वाद बहुतेक वेळा टंचाचा नसतोच, या वजनाचा असतो.

भट्टीचा निवाडा

मशीन आणि दगड यांचं भांडण मिटवायला जी पद्धत अखेरचा शब्द मानली जाते ती शेकडो वर्षं जुनी आहे आणि तिच्यात आग, शिसं आणि तेजाब एवढंच आहे. तिला ‘फायर ॲसे’ म्हणतात. भारतीय मानक आयएस १४१८ हे तिचंच. हॉलमार्किंग केंद्रात दागिन्यांचा लॉट आला की आधी क्ष-किरणांच्या मशीनवर एकसारखेपणा बघतात, आणि मग त्यातल्या काहींमधून थोडं सोनं काढून भट्टीत घालतात. दागिन्यावरच्या ‘२२के९१६’ या शिक्क्यामागे ही भट्टी उभी असते. १ एप्रिल २०२३ पासून शिक्क्याबरोबर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांकही लागतो, आणि बीआयएस केअर ॲपवर तो घालून कुणालाही दागिना पडताळता येतो.

भट्टीत काय होतं ते सावकाश बघण्यासारखं आहे. सुमारे पाव ग्रॅम, म्हणजे २५० मिलिग्रॅम नमुना अगदी काटेकोर तोलून घ्यायचा. त्यातल्या सोन्याच्या साधारण अडीच पट शुद्ध चांदी त्यात टाकायची. सोनं मोजायचंय आणि वर चांदी घालायची, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं. कारण पुढे येतंच. हे सगळं शिशाच्या पत्र्यात गुंडाळून हाडांच्या राखेच्या किंवा मॅग्नेशियाच्या छोट्या सच्छिद्र वाटीत ठेवायचं आणि ११०० अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीत सारायचं. शिसं वितळतं, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून त्याचं ऑक्साइड होतं, आणि ते तांबं, जस्त, निकेल यांची ऑक्साइडं सोबत घेऊन वाटीत मुरतं. सोनं आणि चांदी ऑक्साइड होत नाहीत आणि वाटीला चिकटतही नाहीत. शेवटचं शिसं निघून जाताना वितळलेल्या थेंबावर क्षणभर रंग खेळतात, झळाळी येते, आणि वाटीत सोन्या-चांदीचा एक स्वच्छ गोळा उरतो.

आता चांदी वेगळी करायची. गोळा ठोकून चपटा करतात, लाटतात, तापवून मऊ करतात, पट्टीची गुंडाळी करतात आणि नायट्रिक आम्लात उकळतात, तेही दोनदा. आम्ल चांदी विरघळवतं, सोन्याला हात लावत नाही. पण सोनं फार जास्त असेल तर ते चांदीला झाकून टाकतं आणि आम्ल आत शिरतच नाही. म्हणून ती अडीच पट चांदी: आम्लाला आतपर्यंत वाट मिळावी म्हणून. चांदी फारच जास्त झाली तर उलटी पंचाईत. सोन्याची भुकटी होते आणि धुताना निसटते. सगळं जमलं तर तपकिरी, ठिसूळ गुंडाळी उरते, जी तापवली की एकदम पिवळी होते. तिचं वजन २२९ मिलिग्रॅम भरलं तर टंच ९१६.

यातही थोडं सोनं वाटीत जातं, आणि थोडी चांदी सोन्यात राहून जाते. हे अंदाजाने दुरुस्त करत नाहीत. शेजारच्याच वाटीत अगदी शुद्ध सोनं, तेवढ्याच वजनाचं, त्याच भट्टीत, त्याच आम्लात चालवतात. त्याच्यात जी घट किंवा वाढ येते ती नमुन्याला लावतात. मला या पद्धतीत सगळ्यात जास्त आवडतो तो हा भाग. हजारात अर्ध्या भागापर्यंत खात्री देता येते ती यामुळे. अर्धा भाग म्हणजे २५० मिलिग्रॅमवर सव्वाशे मायक्रोग्रॅम, तेव्हा तराजूही तसाच लागतो.

आणि इतक्या पक्क्या पद्धतीलाही एक आंधळी जागा आहे: इरिडियम हा धातू. काही ठिकाणी सोन्यात इरिडियम किंवा रुथेनियमची भुकटी मिसळतात. इरिडियम २४०० अंशांपलीकडे वितळतं, त्यामुळे ते सोन्यात एकजीव होत नाही, दाणे तसेच राहतात. शिसं त्याला वाटीत नेत नाही, नायट्रिक त्याला विरघळवत नाही. म्हणजे ते शेवटच्या गुंडाळीत बसून राहतं आणि सोनं म्हणून तोललं जातं. पुन्हा सोन्यापेक्षा जड असल्याने वितळलेल्या मुशीत ते तळाला जातं. वरून घेतलेला नमुना साफ दिसतो. इथे तेच बदनाम कॅरेट मशीन कामाला येतं: इरिडियमची ऊर्जा ९.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ, सोन्याची ९.७, चांगला डिटेक्टर दोन्ही वेगळ्या दाखवतो. गलाईवाल्याला तर मशीनही लागत नाही. अम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात, सोनं विरघळलं आणि भांड्याच्या तळाला काळी भुकटी राहिली, की तो समजून चुकतो.

चांदीला भट्टी सोसत नाही. तिच्यातली थोडी वाटीत मुरते, थोडी उडून जाते. म्हणून हुपरीच्या पैंजणांचा टंच नीट काढायचा तर ओली पद्धत. नायट्रिकमध्ये विरघळवायचं आणि मिठाचं मोजलेलं पाणी घालत जायचं. पांढरा साका बसायचा थांबला की चांदी संपली. एक ग्रॅम चांदीला ०.५४२ ग्रॅम मीठ लागतं, ना कमी ना जास्त. फ्रान्समध्ये गे-ल्युसॅकने १८३२ च्या सुमारास ही पद्धत टाकसाळीसाठी बसवली. आज मिठाऐवजी पोटॅशियम ब्रोमाइड आणि डोळ्याऐवजी इलेक्ट्रोड, एवढाच बदल.

झाडण: खरी डोकेदुखी

लगडी आणि दागिना हे सोपे नमुने. दुकानाची झाडण, बफिंगची धूळ, फुटक्या मुशी, हात पुसायची फडकी, गालिच्याचे तुकडे यांत सोनं असतं, पण कुठे असतं ते कुणाला माहीत नसतं. इथे यंत्र कितीही महागडं आणा, चूक नमुना घेतानाच होते.

हिशेब करून बघा. सोन्याचा एक कण, व्यास ०.२ मिलिमीटर, त्याचं वजन सुमारे ०.०८ मिलिग्रॅम. ३० ग्रॅमच्या पुडीत असा एकच कण आला तर तिचा आकडा टनाला २.७ ग्रॅम निघतो. शेजारच्या पुडीत कण नाही, आकडा शून्य. दोन्ही प्रयोगशाळा बरोबर आणि दोन्ही आकडे निरुपयोगी. विजापूर ओलांडून रायचूर जिल्ह्यात गेलं की हट्टीची सोन्याची खाण लागते; तिथल्या दगडात टनामागे काही ग्रॅमच सोनं असतं, आणि खाणवाल्यांचं सगळ्यात मोठं दुखणं हेच असतं.

उपाय कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच टाळला जातो. आधी सगळा कचरा जाळायचा. मग दळायचा, चाळायचा. चाळणीवर जे धातूचे चपटे तुकडे राहतात, ते दळले जात नाहीत. ते वेगळे तोलून वेगळे तपासायचे. खालच्या भुकटीचा ढीग करायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे, पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. सांगलीच्या बाजारात हळदीचा सौदा करणारा एका पोत्याच्या तोंडाशी आलेलं एकच हळकुंड बघून गाडीभर माल घेत नाही. झाडणीच्या बाबतीत मात्र वरून चमचाभर उचलून ‘टंच काढा’ म्हणणारे पुष्कळ.

मग भट्टी, पण निराळ्या मसाल्याची. भुकटीत मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचं ऑक्साइड, सोडा, टाकणखार, वाळू आणि थोडं गव्हाचं पीठ. पीठ चेष्टेने लिहिलेलं नाही. त्यातला कार्बन ऑक्साइडातून शिसं मोकळं करतो, आणि त्या शिशाचे बारीक थेंब वितळलेल्या रसातून खाली उतरताना वाटेतलं सोनं-चांदी उचलत जातात. तळाला शिशाचा गोळा बसतो. तो फोडून वाटीत घातला की पुढचं सगळं मघासारखंच.

ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेत आता एक वेगळी वाट निघाली आहे. अर्धा किलो भुकटी डब्यात भरून तिच्यावर अतिशय जोरकस क्ष-किरण मारायचे. हे किरण सोन्याच्या अणूचं केंद्रकच चेतवतात; ते साधारण पावणेआठ सेकंदांच्या अर्धायुष्याने शांत होताना २७९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण सोडतं. गॅमा मोजला, सोनं कळलं. शिसं नाही, आम्ल नाही, आणि ३० ग्रॅमऐवजी ५०० ग्रॅम तपासले गेले. यंत्र मोठ्या खाणींच्या आवाक्यातलं आहे, गलाईच्या दुकानाच्या नाही.

पाण्यात उरलेलं

अम्लराजातून सोनं बसवून काढल्यावर उरलेल्या पाण्यात काही राहिलं का? जुनी, स्वस्त आणि उत्तम चाचणी: गाळणकागदावर एक थेंब पाणी, त्यावर स्टॅनस क्लोराइडचा एक थेंब. जांभळा डाग उठला तर सोनं आहे, पाणी फेकू नका. तांब्याने पाणी गर्द निळं-हिरवं असेल तर डाग ओळखायला थोडी सवय लागते.

किती आहे ते हवं असेल तर एएएस, म्हणजे अणूंनी किती प्रकाश शोषला ते मोजणारं यंत्र. सोन्याचाच दिवा लावायचा, त्यातून येणारा २४२.८ नॅनोमीटरचा प्रकाश ज्योतीतून पाठवायचा आणि ज्योतीत द्रावण फवारायचं. सोन्याचे अणू तेवढा प्रकाश शोषतात. ॲलन वॉल्शने १९५५ मध्ये मांडलेली ही पद्धत लिटरमागे मिलिग्रॅमच्या पातळीवर आरामात चालते. फक्त नमुना साध्या पाण्याने पातळ करून प्लास्टिकच्या बाटलीत ठेवून देऊ नका. सोनं बाटलीच्या भिंतीला चिकटतं आणि आठवड्याने आकडा कमी येतो. हायड्रोक्लोरिक आम्ल घालूनच ठेवायचं.

फारच कमी असेल तर प्लाझ्माची यंत्रं, आयसीपी. हजारो अंशांच्या आर्गॉन प्लाझ्मात द्रावण फवारलं की अणूंचे आयन होतात, आणि ते वजनानुसार मोजता येतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरने १९२० च्या दशकात समुद्राच्या पाण्यातून सोनं काढून जर्मनीची पहिल्या महायुद्धाची खंडणी फेडायचा घाट घातला होता. बारकाईने मोजल्यावर त्याला कळलं की आधीच्यांचे आकडे कितीतरी पटींनी फुगलेले होते. आज मोजतात तेव्हा काही महासागरांत दहा कोटी टन पाण्यामागे जेमतेम ग्रॅमभर निघतं.

हीच यंत्रं कुपवाडच्या भंगारवाल्याच्याही कामाची आहेत, कारण गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं. एका नगात सगळं मिळून काही ग्रॅम, तेही चिनीमातीसारख्या जाळीवर पसरलेलं. ऱ्होडियम अम्लराजातही धड विरघळत नाही. म्हणून जाळी दळून निकेल आणि गंधकाबरोबर वितळवतात; निकेल सल्फाइडचा गोळा हे धातू गोळा करतो. मग यंत्र. आणि यंत्रालाही चकवा आहेच: ऱ्होडियमचं वस्तुमान १०३, आणि ६३ चं तांबं ४० च्या आर्गॉनला चिकटलं तरी बेरीज १०३. नमुन्यात तांबं असेल तर नसलेलं ऱ्होडियम दिसतं. अहवालात ऱ्होडियम घसघशीत आलं, तर तांबं किती होतं हे विचारायचा हक्क विकणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला आहे.

एक गोष्ट लेखात बसत नाही, तरी लिहितो. नायट्रिकचा तपकिरी धूर बंद खोलीत घेऊ नका. लगेच खोकला आला नाही म्हणजे वाचलो असं नसतं. फुप्फुसात पाणी भरायला काही तास, कधी एखादा दिवसही लागतो. कॅडमियमच्या धुराचंही तेच, आणि शिशाचं विष अंगात हळूहळू साचतं. पंखा बाहेर हवा फेकणारा हवा, आत फिरवणारा नको.

झाडणीचे मोठे सौदे करणारे शुद्धीकरणवाले नमुन्याची पुडी एक करत नाहीत, तीन करतात. दळून, चौथाई करून झालेल्या एकाच भुकटीच्या तीन पुड्या, दोघांच्या सह्यांनिशी सीलबंद. एक विकणाऱ्याची, एक घेणाऱ्याची, तिसरी कपाटात. दोघं आपापल्या प्रयोगशाळेत तपासतात. आधी ठरवलेल्या फरकाच्या आत दोन्ही आकडे बसले तर सरासरीवर पैसे चुकते होतात. नाही बसले तर तिसरी पुडी दोघांना मान्य असलेल्या तिसऱ्याच प्रयोगशाळेकडे जाते. तिचं नाव मात्र सौदा होण्याआधीच लिहून ठेवायचं असतं.